पित्याची चिलीम आणि अपत्याचे आरोग्य

घरात पाळणा हलावा अशी इच्छा उत्पन्न झाली म्हणजे पथ्यापथ्याचे आणि अलीकडे गर्भसंस्काराचेही सारे नियम स्त्रीच्या नावे लागू होतात, आणि पुरुषाकडून मात्र औषधे आणून देण्यापलीकडे कोणी कसलीही अपेक्षा बाळगीत नाही. चरकाने गर्भविचारात शुक्र आणि शोणित या दोहोंच्या निर्दोषतेची अट घातली होती. व्यवहारात तिचा अर्धाच भाग शिल्लक राहिला. गांजा, चरस आणि भांग यांच्या बाबतीत ही विसंगती विशेषच खटकते. कारण केंद्र सरकारने करविलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या पदार्थांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ५ टक्के, तर स्त्रियांत १ टक्क्याहूनही कमी आढळले. म्हणजे ज्याची उलटतपासणी व्हावयाची, तोच नेमका साक्षीला बोलावला जात नाही.

शुक्रजंतूंची संख्या ठीक आहे, तेव्हा चिंतेचे कारण नाही, असा निर्वाळा पुष्कळदा दिला जातो. संख्येविषयीचा पुरावा परस्परविरोधी आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. डेन्मार्कमधील १२१५ तरुणांच्या तपासणीत आठवड्यातून एकाहून अधिक वेळा गांजा ओढणाऱ्यांची शुक्रजंतुसंख्या २८-२९ टक्क्यांनी कमी भरली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. उलट बोस्टनच्या एका वंध्यत्व-चिकित्सालयातील पुरुषांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, कधी ना कधी गांजा ओढलेल्यांची शुक्रजंतुसंख्या न ओढणाऱ्यांपेक्षा जास्तच निघाली. परंतु संख्या हा केवळ हजेरीपट आहे. हजर असलेल्यांची प्रकृती त्यावरून कळत नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे दीड हजार जोडप्यांचा मागोवा घेतला तेव्हा, पुरुष आठवड्यातून निदान एकदा गांजा घेणारा असेल तर गर्भ आपोआप पडण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असल्याचे २०२१ साली त्यांनी नोंदविले. येथे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, पण ‘गर्भ पडला तो तिच्याच दोषाने’ असे म्हणण्याची जी घाई आपल्या घरांतून होते, तिला लगाम घालण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

मग हा परिणाम पोहोचतो तरी कोणत्या वाटेने? शुक्रजंतूतील जनुकांची अक्षरे न बदलताही त्यांवरील रासायनिक खुणा बदलू शकतात, आणि कोणते जनुक केव्हा बोलावे व केव्हा मौन धरावे हे ठरविण्यात या खुणांचा वाटा असतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१८ साली गांजा घेणाऱ्या व न घेणाऱ्या पुरुषांची तुलना केली तेव्हा अशा अनेक खुणा बदललेल्या दिसल्या. पुढे त्याच विद्यापीठात स्वमग्नतेशी संबंध जोडल्या गेलेल्या एका जनुकावरही तसाच फरक आढळला. तेथेच केलेल्या प्रयोगात केवळ नर उंदरांना गांजातील मादक द्रव्य टीएचसी दिले असता त्यांच्या पिलांच्या अवधानशक्तीत न्यून राहिले.

येथेच उलट दिशेचा गैरसमज जन्म घेतो, आणि तो पहिल्याइतकाच घातक आहे: गंजेड्याचे मूल सदोषच निपजणार. ड्यूकच्या पहिल्या अभ्यासातील पुरुष अवघे २४ होते; गर्भधारणेनंतर यांतील बहुतेक खुणा निसर्ग स्वतःच पुसून नव्याने लिहितो; आणि पित्याच्या गांजामुळे अमुक मुलास स्वमग्नता आली असे मानवात कोणीही सिद्ध केलेले नाही. एखाद्या बापाच्या माथी असा आरोप मारणे हे विज्ञान नव्हे.

भांग ही शिवाची, निसर्गाने दिलेली, शिवाय ती ओढीत नाहीत तर पितात, तेव्हा ती निरुपद्रवी, हा युक्तिवाद महाशिवरात्रीस आणि होळीस हटकून ऐकू येतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली गेल्यामुळे त्यास सरकारी संमतीचाही रंग चढला आहे. कायद्याची सवलत हा आरोग्याचा दाखला नव्हे. ओरेगॉन येथील संशोधकांनी ऱ्हीसस जातीच्या नर माकडांना टीएचसी धुरातून नव्हे, तर खाण्यातूनच दिले होते. काही महिन्यांत त्यांच्या वृषणांचा आकार निम्म्याहून अधिक घटला. दोष केवळ धुराचा असता तर असे घडले नसते.

या माकडांना टीएचसी देणे थांबविल्यावर हानी काही अंशी भरून आली, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘आता सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. ड्यूकच्या आणखी एका अभ्यासात ७७ दिवस वर्ज्य केल्यावर पुष्कळ खुणा पूर्ववत होऊ लागल्याचे दिसले. म्हणून मूल हवे असे ठरविणाऱ्या पुरुषाने निदान तीन महिने आधी हात आवरावा, हा हिशेब सरळ आहे. गोड बातमी कळल्यावर घेतलेली शपथ बीजापुरती उशिराची ठरते. ती अजिबात निरर्थक मात्र नाही, कारण चिलमीचा धूर खोलीतल्या गर्भवतीच्याही श्वासात जातो आणि टीएचसी वार ओलांडू शकते. पुढे प्रसूती झाल्यावरही हा संबंध तुटत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांच्या बाबतीत मातेच्या गांजाशी संबंध दिसला नाही, पित्याच्या गांजाशी दिसला, आणि त्यात जन्मानंतरच्या सेवनाचाही समावेश होता.