तबकडी आणि पेनड्राइव्ह : दप्तर कोठे ठेवावे?

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत संगणकाच्या सुट्या भागांवरचा लेख पाहून काही श्रोत्यांना नवल वाटेल. इतिहास, साहित्य, शिक्षण हे या पुस्तिकेचे नेहमीचे विषय. परंतु प्रस्तुत विषय निघाला तो शाळेच्या जुन्या दप्तरावरूनच. प्रवेशाच्या जुन्या रजिस्टरांची पाने आता हात लावला तरी तुटतात. त्यांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवावीत असे माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात आले, आणि लगेच प्रश्न उभा राहिला : ठेवावयाची कशात? संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, की खिशात मावणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये? एकाने हार्ड डिस्क भरवशाची म्हटले, दुसऱ्याने पेनड्राइव्ह सोयीचा म्हटले, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. तेवढ्याने मात्र निर्णय होत नाही.

प्रश्न किरकोळ नाही. खटकचिंचोळी, भालकी, बीदर हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी जन्माची नोंद सरकारदरबारी करण्याची रीत खेड्यापाड्यांत फारशी नव्हती. अनेकांच्या जन्मतारखेचा व जातीचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ. निवृत्तिवेतन, वारसा, नातवंडांचे दाखले अशा कितीतरी गोष्टी त्या एका ओळीला टांगलेल्या असतात. ते पान गेले तर ती ओळ पुन्हा कोणालाही लिहिता येणार नाही.

आता यंत्रांकडे वळू. पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ च्या सप्टेंबरात जाहीर केली. तिचे वजन सुमारे एक टन. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका आसावर एकावर एक बसवलेल्या, आणि त्या सर्वांत मिळून अवघी पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या हिशेबाने रजिस्टराच्या एका पानाचे चांगले छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर त्या टनभर यंत्रात जेमतेम एक पान राहिले असते. योगायोग असा की त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना होऊन आपला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर तालुके मुंबई राज्यात, नारायणखेड व जहीराबादकडील भाग आंध्र प्रदेशात आणि भालकीसह उरलेला भाग म्हैसूर राज्यात गेला. माणसे जागच्या जागी राहिली, सीमा मात्र हलल्या, आणि एका जिल्ह्याचे दप्तर तीन राज्यांचे झाले. आजही एखाद्या कुटुंबाला आजोबांचा कागद शोधायला सीमेपलीकडच्या कचेरीत जावे लागते, त्याचे मूळ येथे आहे.

हार्ड डिस्कचे तत्त्व त्या पहिल्या यंत्रापासून फारसे बदललेले नाही. गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थरातील सूक्ष्म ठिपक्यांचे चुंबकत्व एका दिशेला असले तर शून्य आणि उलट्या दिशेला असले तर एक, अशा खुणांनी सारा मजकूर लिहिला जातो. तबकडी गरगर फिरते आणि ग्रामोफोनच्या भुजेसारख्या एका भुजेच्या टोकावरील लेखणी तिच्यावरून वाचते व लिहिते. ग्रामोफोनची सुई मात्र तबकडीला टेकते. ही लेखणी टेकत नाही. फिरण्याने निर्माण झालेल्या हवेच्या थरावर ती तरंगते, आणि ते अंतर आजच्या डिस्कमध्ये काही नॅनोमीटर एवढेच असते. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना यावी. टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग हिशेब केल्यास ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. अशा वेळी संगणकाला धक्का बसला की लेखणी तबकडीवर आपटते, थर खरवडला जातो आणि त्यावरचा मजकूर कायमचा जातो. चालू संगणक उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवू नये असे जे सांगतात, त्याचे कारण हे.

पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नाही. तेथे लिखाण चुंबकाने होत नसून विद्युतभाराने होते. सिलिकॉनच्या चकतीवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती वीज न वाहणाऱ्या पदार्थाची भिंत असते. जोराचा विद्युतदाब देऊन त्या भिंतीतून इलेक्ट्रॉन आत ढकलले की ते तेथेच कोंडले जातात, वीज काढून घेतली तरी बाहेर येत नाहीत. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून शून्य आणि एक ओळखायचे. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही युक्ती १९८४ मध्ये मांडली, तिचे आज सर्वत्र वापरले जाणारे रूप १९८७ मध्ये पुढे आले आणि २००० साली पहिले पेनड्राइव्ह बाजारात दिसले. त्यांत आठ मेगाबाइट मावत, आणि तेवढ्याचेही लोकांना अप्रूप होते.

पेनड्राइव्ह हातातून पडला तरी बहुधा काही होत नाही. म्हणून तो अमर आहे असा समज झाला आहे, आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी लिहिताना व पुसताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. ठरावीक वेळा पुसून लिहिल्यावर ती इलेक्ट्रॉन धरून ठेवीनाशी होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कोंडलेला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत लवकर गळतो. बीदर-कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाटात काय तापत असेल ते सांगायला नको. अशा कपाटात वर्षानुवर्षे निपचित पडलेला स्वस्त पेनड्राइव्ह एके दिवशी कोरा निघाला, तर त्यात नवल नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. दुकानात 'पोर्टेबल हार्ड डिस्क' म्हणून जी चपटी पेटी मिळते ती नावाप्रमाणे खरोखरच हार्ड डिस्क असते. संगणकातलीच तबकडी, आकाराने लहान, वेगळ्या डबीत घातलेली. ती पिशवीतून नेता येते, पण पडली तर तबकडीचे सारे दोष तिला आहेतच. उलट नव्या संगणकांत 'एस.एस.डी.' नावाची जी वस्तू असते तिला लोक सवयीने हार्ड डिस्क म्हणतात, पण तिच्यात तबकडी नसते. ती पेनड्राइव्हची थोरली, अधिक शिस्तीची भावंड म्हणावी. म्हणजे आत बसवलेले आणि बाहेर नेता येणारे हा एक भेद, आणि चुंबक व विद्युतभार हा दुसरा. वस्तू विकत घेताना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आणखी एक तक्रार नेहमी कानी येते : एक टेराबाइटची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ गिगाबाइटच दाखवतो, दुकानदाराने फसवले! फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीने. शेर आणि किलो यांतला जुना गोंधळ नव्या वेषात आला आहे, इतकेच.

किती मजकूर मावतो याचा अंदाज आपल्या ओळखीच्या ग्रंथावरून घेऊ. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांहून थोड्या अधिक. एका ओवीत सरासरी सत्तर चिन्हे धरली, तर एकूण सव्वासहा लाखांच्या आसपास चिन्हे होतात. १९९० च्या दशकात एका देवनागरी चिन्हाला एक बाइट पुरे असे, आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर संपूर्ण ज्ञानेश्वरी आरामात बसली असती. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात, म्हणजे ग्रंथ एकोणीस लाख बाइटांचा होतो आणि त्याला दोन फ्लॉप्या लागल्या असत्या. आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर त्याच ग्रंथाच्या चार हजार प्रती राहतील. पण एकाच पेनड्राइव्हवरच्या चार हजार प्रती म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीने एकच प्रत, हे विसरून चालणार नाही.

या मुद्द्याचा धडा आपल्याच जिल्ह्यात दगडाचुन्यात उभा आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला. तेथील ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे इतिहासकार सांगतात. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, दारूगोळ्याच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला. आज एक मनोरा आणि निळ्याहिरव्या फरशांचे तुकडे उरले आहेत. एका जागी, एका भक्कम इमारतीत ठेवलेले धन कसे जाते ते पाहायचे असेल तर बीदरच्या सहलीत विद्यार्थ्यांनी त्या तुटलेल्या बाजूसमोर थोडे थांबावे. याउलट बसवकल्याणची कथा. बाराव्या शतकात कल्याणात धामधूम झाली तेव्हा शरणांनी वचनांचे ताडपत्री गठ्ठे बरोबर घेऊन वाटा धरल्या, असे परंपरा सांगते. ते गठ्ठे मठांतून, घरांतून विखुरले. विसाव्या शतकात फ. गु. हळकट्टी यांनी विजापुरात बसून ते गोळा केले आणि छापले. विखुरलेले म्हणून ते वाचले.

मात्र विखुरण्याचीही किंमत असते. महानुभावांचा लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, परंतु निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून निरनिराळे पाठ तयार झाले आणि अभ्यासकांना ते आजही जुळवीत बसावे लागते. पेनड्राइव्हवरून प्रती इकडेतिकडे गेल्या की असेच होते. एकाने नाव दुरुस्त केले, दुसऱ्याने तारीख, आणि 'अंतिम', 'नवीन अंतिम' अशा चार फायली चार घरी. कोणती खरी?

माझी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी सीमाभागातल्याच एका शाळेच्या रजिस्टरांची छायाचित्रे मी आठ दिवस खपून काढली आणि एका पेनड्राइव्हवर घातली. कॅमेऱ्यात जागा हवी म्हणून तेथील मूळ छायाचित्रे पुसून टाकली. छपाईच्या दुकानात तो पेनड्राइव्ह संगणकाला लावला, काम झाल्यावर घाईत तसाच उपसून काढला. घरी आल्यावर संगणक म्हणू लागला की ही वस्तू कोरी आहे, नव्याने आखून घ्यावी काय? चकतीवर कोणती फाइल कोठे आहे याची जी सूची असते, ती अर्धवट लिहिली गेली होती. जाणकाराने बरीच पाने परत मिळवून दिली. चाळीसएक पाने मिळाली नाहीत. ती पुन्हा काढायला गेलो तेव्हा पावसाळा होऊन गेला होता, आणि त्या रजिस्टराच्या खालच्या बाजूला वाळवी लागली होती.

साधन टिकले तरी मजकूर वाचता आला पाहिजे, ही वेगळीच अडचण. १९९० च्या दशकात मराठी छपाईसाठी जे फाँट वापरात होते, त्यांतील अक्षरांचे क्रमांक ज्याचे त्याचे वेगळे असत. तो फाँट संगणकात नसला की त्या काळची फाइल उघडल्यावर निरर्थक रोमी चिन्हांची माळ दिसते. युनिकोडमुळे ही पीडा बरीच कमी झाली आहे. पण आपल्या रजिस्टरांना ही गोष्ट नवी नाही. संस्थानी काळातील नोंदी उर्दूत, आणि सन फसली. १३५६ फसली म्हणजे इसवी सन १९४६-४७, महिने अजूर, दै, बहमन असे. हे ठाऊक नसलेल्या कारकुनाला समोरचे पान शाबूत असूनही मुकेच. म्हणून छायाचित्राबरोबर प्रत्येक पानाचे मराठी किंवा कन्नड लिप्यंतर आणि इसवी सनातील तारीख साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवावी लागेल. हे काम यंत्र करणार नाही. उर्दू वाचणारे जे ज्येष्ठ माजी विद्यार्थी अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून ते लवकर करून घ्यावे लागेल.

कर्नाटक सरकारने 'भूमि' योजनेत २००० सालाच्या सुमारास सुमारे दोन कोटी पहाणीपत्रके संगणकात घेतली आणि हातच्या पहाणीची मान्यता काढून घेतली. बोटाचा ठसा दिल्याशिवाय अधिकाऱ्याला नोंदीत बदल करता येत नाही, अशी तजवीज तेथे आहे. शाळेला एवढा डोलारा परवडणार नाही, परंतु मूळ प्रतीला एकानेच हात लावावा ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

तेव्हा दहा रजिस्टरे, प्रत्येकी चारशे पाने, तीन मेगाबाइटचे एक पान, असा हिशेब केला तर बारा गिगाबाइट होतात. मुख्य प्रत शाळेच्या संगणकात. तीत दुरुस्ती करण्याचा अधिकार एकाच शिक्षकाकडे. दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर, संगणकापासून वेगळ्या इमारतीत, कोरड्या जागी. तिसरी पेनड्राइव्हवर, पुण्यात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या घरी. त्याने दर व्याख्यानाच्या दिवशी तो बरोबर आणावा, सर्वांसमक्ष उघडून पाहावा, नव्या नोंदी भराव्यात आणि पाच वर्षांनी पेनड्राइव्हच बदलावा. आणि ती तुटकी पाने, छायाचित्रे निघाली म्हणून रद्दीत न टाकता, कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवावीत.