इंच वाढले, अक्षर तेवढंच

मुरबाडच्या बाजारपेठेत किंवा शहापूरच्या नाक्यावर मोबाइलच्या दुकानात शिरलात, की किमतीच्या पाठोपाठ कानावर येतो तो इंचांचा आकडा. ‘साडेसहा इंची आहे, मोठा डिस्प्ले.’ आधीचा फोन साडेपाच इंची होता, म्हणजे एक इंच जादा मिळाला. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. जगभर मोठेच फोन खपतात, त्या अर्थी लोकांना मोठाच स्क्रीन हवा असणार, असं बाजार धरून चालतो. हे अनुमान जरा तपासून पाहू. सुरुवातीला शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय पुरेल.

स्क्रीन मोजतात तो तिरका, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेली ही रीत आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या साडेपाच इंची फोनचा स्क्रीन बहुधा १६:९ या प्रमाणात असे. आजचे साडेसहा इंची फोन बव्हंशी २०:९ या प्रमाणात येतात. आता गणित मांडा. जुन्या स्क्रीनची रुंदी येते ६.८५ सेंटिमीटर आणि नव्याची ६.७८. एक इंच वाढला, पण रुंदी कणभर घटलीच! उंची मात्र १२.२ सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर गेली. घरावर माळा चढवला म्हणून खालची ओटी रुंद होत नाही, तसं हे झालं.

व्हिडिओचं तर आणखी मजेशीर. क्रिकेटचा सामना प्रक्षेपित होतो १६:९ मध्ये. जुन्या फोनवर तो आडवा धरला की स्क्रीन काठोकाठ भरायचा. नव्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात आणि मधलं चित्र भरतं तिरकं ५.४४ इंच. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं, तर वरची-खालची कड कापली जाते. पैसे साडेसहा इंचांचे मोजायचे आणि सामना साडेपाचाहून लहान बघायचा, असा हा व्यवहार.

फोन रुंद न होता लांब का होत गेले? कारण हाताचा पंजा वाढत नाही. स्टीव्हन हूबर या अभ्यासकानं २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, दुकानांत फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांचं निरीक्षण केलं, तेव्हा स्क्रीनला बोट लावून काम करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हातानं फोन चालवत होते. आसनगावला किंवा आटगावला सकाळच्या कसारा लोकलमध्ये चढणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. एक हात वरच्या कडीला असतो, उरलेल्या हाताचा अंगठा जिथवर पोचेल तेवढाच फोन कामाचा. लांब स्क्रीनचा वरचा कोपरा त्या अंगठ्याच्या टप्प्यात येत नाही, आणि नेमकी ‘मागे जा’ची खूण पुष्कळ ॲपमध्ये तिथेच असते.

हाताचं हे कारण पुढे करूनच ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं २०१० मध्ये मोठ्या फोनची खिल्ली उडवली होती. असले फोन कुणी घेणार नाही, असा त्याचा होरा होता. पहिल्या आयफोनचा स्क्रीन साडेतीन इंचांचा होता, २००७ सालचा. होरा सपशेल चुकला. सॅमसंगचा ५.३ इंची गॅलेक्सी नोट २०११ मध्ये आला आणि चालला, आणि २०१४ मध्ये ॲपलनंही साडेपाच इंची आयफोन काढला. पुढे २०२० मध्ये त्याच कंपनीनं ५.४ इंची ‘मिनी’ आणून पाहिला, पण दोन पिढ्यांत गुंडाळला. बाजाराचा कौल इतका उघड असताना शंका कशाला घ्यायची?

शंका अशी, की बाजारात स्क्रीन सुटा विकत मिळत नाही. मोठ्या अंगाच्या फोनमध्ये मोठी बॅटरी मावते. पहिल्या आयफोनची बॅटरी १,४०० एमएएचची होती. आज दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये ५,००० एमएएच सर्रास असते. लहान आकाराचा, मोठ्या बॅटरीचा, स्वस्त फोन दुकानात मागून बघा, तो नसतोच. म्हणून बॅटरीसाठी घेतलेला फोनही खपाच्या हिशेबात ‘मोठ्या स्क्रीनची आवड’ म्हणून धरला जातो.

आणि मुरबाड-शहापूर या दोन तालुक्यांत बॅटरी ही चैन नाही. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूरच्या डोंगर-जंगलात आहेत. मुरबाडच्या अंगावर माळशेज आणि सिद्धगडाचे कडे. टॉवर आणि पाडा यांच्या मधे डोंगराची सोंड आली की रेंज क्षीण होते. अशा वेळी फोन स्वतःचा प्रक्षेपक जास्त ताकदीनं चालवतो आणि पुन्हापुन्हा टॉवर शोधत बसतो. त्यामुळे गावात दिवसभर टिकणारी बॅटरी पाड्यावर दुपारीच मान टाकते. पावसाळ्यात लाइट गेली तर चार्जिंगचीही पंचाईत. अशा ठिकाणचा माणूस ‘मोठा फोन दे’ म्हणतो, तेव्हा त्याला काय मोठं हवं असतं, हे विचारलेलं बरं.

लोकांना खरोखर काय खुपतं, याची एक साक्ष महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेली आहे. अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी २०१९ मध्ये सरकारी फोन मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते परत करायला सुरुवात केली. त्यांची गाऱ्हाणी होती ती अशी: दोन जीबी रॅममुळे फोन हँग होतो, तापतो, दुरुस्तीचा खर्च पदरात पडतो आणि भरायचं ॲप इंग्रजीत आहे. स्क्रीन लहान आहे, हा काही भांडणाचा मुद्दा नव्हता. ग्राहकाची इच्छा जाणण्यासाठी कंपन्या लाखो रुपये खर्चून पाहण्या करतात, त्यांनी ही निवेदनं वाचायला हरकत नाही.

मग मोठ्या स्क्रीनची मागणी सगळी खोटीच का? नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर स्वच्छ दिसतं. पन्नाशीत तेच अंतर चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर जातं. हात लांब करून फोन धरला की अक्षर स्पष्ट होतं, पण अंतर दुप्पट झाल्यानं डोळ्याला ते निम्मं दिसतं. त्यात देवनागरीची अडचण वेगळीच आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. एवढं सगळं एका ओळीत बसवायचं तर मूळ अक्षराच्या वाट्याला ओळीची थोडीच उंची येते.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारीतल्या, साठी ओलांडलेल्या आज्या पाटी घेऊन बाराखडी गिरवू लागल्या. पाटीवरचं अक्षर बोटभर मोठं काढता येतं, त्याला बंधन नाही. या वयाच्या वाचकाला फोनवर तशी सोय करायची तर काय लागेल? ओळीत तितकेच शब्द ठेवून अक्षर दुप्पट करायचं, तर साडेतेरा सेंटिमीटर रुंद फोन हवा. तो हातात धरवणार नाही. शब्द खालच्या ओळीत उतरू दिले, तर काहीच लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’खाली अक्षराचा आकार वाढवायची सोय असते, तीही फुकट. पण फोन विकताना ती कोण दाखवतो?

दुसरा उपाय चष्मा. आसाममध्ये चाळिशी ओलांडलेल्या चहामळ्यातल्या कामगारांना जवळचं दिसण्याचे साधे चष्मे दिल्यावर त्यांची कामाची उत्पादकता, चष्मे न मिळालेल्यांच्या मानानं, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. असा चष्मा काही शे रुपयांत होतो.

अक्षर बारीक दिसण्यात डोळ्यांइतकाच दोष कागदाचा आहे. सातबारा उतारा, परिपत्रक, शाळेची सूचना, सगळं पीडीएफमध्ये येतं आणि ते बेतलेलं असतं २१ सेंटिमीटर रुंद ए-फोर कागदासाठी. पावणेसात सेंटिमीटरच्या स्क्रीनवर ते एक तृतीयांश होतं. बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं. मग चिमटीनं मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, आणि कुठली ओळ कुठल्या रकान्याची ते विसरा. साडेपाच इंच असो की साडेसहा, रुंदी तीच असल्यानं त्रास तोच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो आणि नोंद फोनवर भरायची ठरली. भाताच्या शेतात, पावसाच्या उघडिपीत ऊन पडतं तेव्हा पांढऱ्या कागदाचं तेज चौरस मीटरला अठ्ठावीस हजार कॅन्डेलाच्या घरात असतं. स्वस्त फोनचा स्क्रीन पाचशेच्या आसपास देतो, वर त्याच्या काचेत आभाळ दिसतं. इथे इंच नव्हे, उजेड कमी पडतो. पाऊस आला तर गंमत और. टचस्क्रीनला बोट कळतं ते बोटातून वीज वाहते म्हणून. पावसाच्या पाण्यातूनही वीज वाहते, त्यामुळे थेंब पडला की फोन आपोआप भलतीकडेच जातो. शेतकरी फोन पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरूनच वापरतात, ते शास्त्राला धरून आहे: विद्युतक्षेत्र पातळ प्लॅस्टिकमधून आरपार जातं, थेंब मात्र काचेपासून लांब राहतात.

मोठ्या स्क्रीनची निर्विवाद गरज मला एकाच जागी दिसते: एका फोनभोवती अनेक डोळे असतात तिथे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. घरात फोन आला, पण अनेक घरांत एकच. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल केली, त्याची राज्यभर चर्चा झाली. ज्या शाळांना टॅबलेटसारखी साधनं परवडली नाहीत, त्यांतल्या काहींनी फोनपुढे प्लॅस्टिकचं चपटं भिंग उभं केलं. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं दीपगृहांसाठी शोधलेलंच हे भिंग. त्यात जाड काचेऐवजी बारीक खाचा प्रकाश वळवतात. चित्र मोठं होतं, पण नवे ठिपके कुठून येणार? ते पसरट दिसतं, आणि कडेला बसलेल्या पोराला वाकडं. तिथे सरळ टीव्ही हवा. साडेसहाचे सात इंच करून वर्गाचं भागत नाही.

तेव्हा सरकारी खात्यांना विनंती एवढीच, की सातबारा आणि परिपत्रकं फोनच्या रुंदीत बसतील अशीही द्यावीत आणि ॲप मराठीत असावं. वाचकांनी पुढचा फोन घ्यायला जाताना खिशात पट्टी ठेवावी, स्क्रीन आडवा मोजावा, अक्षराचा आकार दुकानातच वाढवून घ्यावा आणि फोन उन्हात नेऊन वाचून पाहावा. आणि वय चाळीसच्या पुढे असेल, तर त्याआधी डोळे तपासून घ्यावेत.