कंस कोणासाठीं?

पनवेलच्या बाजारांतील किराणा दुकानांत गल्ल्याजवळ जें साधें गणकयंत्र असतें, त्यावर दोन, अधिक, तीन, गुणिले, चार अशा कळा क्रमानें दाबाव्या, तर बहुधा २० हा आंकडा उमटतो. तेंच गणित वहींत सोडविणारा विद्यार्थी १४ लिहितो. यंत्र बिघडलेलें नसतें. हातीं आलेली क्रिया तें तत्काळ उरकतें, पुढें काय येणार याची वाट पाहत नाहीं. विद्यार्थ्यास मात्र ‘कंचेभागुबेव’ हा शब्द पाठ असतो: कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. (हा शब्द थोडा फसवाही आहे. बेरीज व वजाबाकी यांचा मान वस्तुतः सारखाच. १० − ४ + ३ यांत बेरीज आधीं केली तर ९ ऐवजीं ३ उरतात.)

हा क्रम संगणकास समजावण्याची एक जुनी युक्ति मौजेची आहे. १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें फोर्ट्रान ही भाषा बाहेर आणली. तिचें भाषांतर करणारी आज्ञावली आरंभीं व शेवटीं दोन-दोन कंस घाली. अधिक चिन्हाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन आणि गुणिले चिन्हाच्या अंगांस एकेक. ‘२+३×४’ याचें ‘((२))+((३)×(४))’ झालें, कीं मानाचा प्रश्नच मिटला.

आज ऐरोली-घणसोलीच्या कचेऱ्यांत जाणारी पनवेलची तरुण मंडळी आज्ञावली लिहिते, तेव्हां ती नीटनेटकी मांडण्याचें काम ‘फॉर्मॅटर’ करतो. कोणती क्रिया कोणत्या क्रियेच्या पोटांत आहे याचा तो प्रथम एक वृक्ष रचतो आणि त्यावरून मजकूर पुन्हां उतरवितो. कंस काढल्यानें वृक्ष बदलत असेल, तर कंस राखणें त्याला भागच आहे. बाकीच्या कंसांविषयीं मात्र एकमत नाहीं. २०१७ सालीं आलेला जावास्क्रिप्टचा ‘प्रेटियर’ निरर्थक कंस गाळतो. पण ‘आणि’ व ‘किंवा’ एकाच विधानांत आले, तर वाचणाऱ्याच्या सोयीसाठीं आपण होऊन कंस घालतो. ‘गो’ भाषेचा फॉर्मॅटर जागेच्या अंतरानें मान दाखवितो: ‘अ*ब + क’.

खरी कसोटी लागते ती क्लोजरपाशीं. क्लोजर म्हणजे बिननांवाची छोटी कृति. जेथें ती जन्मते तेथील राशींची शिदोरी ती बरोबर नेते. ‘क्ष => क्ष + स’ यांत स ही बाहेरची राशि. अशा कृतीचें अंग उजवीकडे जाववेल तितकें पसरतें. म्हणून ‘(क्ष => क्ष + स)(५)’ यांतील पहिले कंस काढले, तर ५ हा आंकडा कृतीला न मिळतां एकट्या स ला दिला जातो, आणि स ही कृतिच नसल्यामुळें तिला बोलावतांच काम अडतें. तसेंच ‘() => ({})’ ही कृति एक रिकामी नोंद परत देते; गोल कंस गेले, कीं महिरपी कंस कृतीचें अंग समजले जातात व हातीं कांहींच येत नाहीं. हे कंस कोणताही शहाणा फॉर्मॅटर काढीत नाहीं.

परंतु लेखकाच्या मनांतील हिशेब त्याला कोठून कळणार? वस्तूची किंमत १०० रुपये, दर नगास सूट १० रुपये आणि नग ३; येणें २७० रुपये. घाईंत कोणी ‘नग => किंमत - सूट * नग’ असें लिहिलें, तर बिल होतें ७० रुपयांचें, आणि दुकानदाराचे २०० रुपये बुडतात. प्रेटियर या ओळींत कंस घालीत नाहीं; वृक्ष अगदीं शाबूत, म्हणून तो समाधानी. ‘गो’चा फॉर्मॅटरही चूक सुधारीत नाहींच, पण तेथें तोच हिशेब ‘किंमत - सूट*नग’ असा छापला जातो, आणि सूट नगाला चिकटून बसलेली पाहून वाचणारा निदान क्षणभर थांबतो.