आधी अंधार मोजायचा

सकाळी ८. मोठे दिवे न लावता काळी डबी उघडते. काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर आहे. अर्ध्या भागावर सोन्याचे नॅनोकण, अर्धा कोरा. रात्रभर अंधारात राहिलेल्या या नमुन्याचा डार्क करंट आधी घ्यायचा. उजेड नसतानाही झिरपणारा हा प्रवाह जितका कमी, तितका क्षीण अतिनील प्रकाशही डिटेक्टरला पकडता येतो. सोन्याच्या बाजूला तो चांगलाच खाली आलाय.

९:३०. आता ३६५ नॅनोमीटरचा एलईडी. झिंक ऑक्साइडचं ऊर्जा-अंतर सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, या प्रकाशाचा फोटॉन ते जेमतेम ओलांडतो. प्रवाह झपकन वर जातो.

एमएस्सीची मुलगी विचारते, "ताई, सोन्याचा प्लाझ्मॉन तर ५२० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्यात. मग अतिनीलात फायदा कसा?"

अगदी नेमका प्रश्न. अतिनीलात प्लाझ्मॉन, म्हणजे प्रकाशासोबत धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं एकत्र डोलणं, हवा असेल तर ॲल्युमिनियमकडे जावं लागतं. इथला फायदा वेगळ्या वाटेने येतो: सोनं जिथे टेकतं तिथे झिंक ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतं. कणांखालची जागा वाहकांविना रिती होते आणि गळती घटते. प्रकाश पडला की तिथलंच विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉन आणि होल यांना वेगळं करतं. प्रत्येक सुधारणा प्लाझ्मॉनच्या नावावर टाकायची घाई मला पटत नाही.

११. एलईडी बंद. प्रवाह मात्र लगेच उतरत नाही, रेंगाळतो. प्रकाशात पृष्ठभागावरून सुटलेला ऑक्सिजन परत चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवेपर्यंत थांबावं लागतं. पुण्यातल्या पावसाळी हवेत ओलाव्याचीही भर पडते, म्हणून कोरडी हवा सोडूनच आलेख घेते. उतरण्याचा वेग न सांगता नुसती संवेदनशीलता सांगणं मला अर्धवट वाटतं.

१. नवा नमुना चेंबरमध्ये, पंप चालू. जेवण.

३. निर्वात पुरेसा झाला. टंगस्टनच्या बोटीत सोन्याची तार वितळते. अर्धा नमुना फॉइलखाली झाकलेला, म्हणजे तुलना एकाच थराची एकाच थराशी होईल. जाडी दाखवणारा आकडा ५ नॅनोमीटरवर आला की शटर बंद. याहून जाड केलं तर सोन्याची सुटी बेटं एकमेकांना जुळतात आणि खालच्या थराचा उजेड अडतो.

४:३०. भट्टीत. सोनं वितळतं १०६४ अंशांना, पण इतका पातळ थर काही शे अंशांतच फुटून थेंबाथेंबांत गोळा होतो. आत जाताना उजेडापुढे निळसर दिसणारी काच बाहेर येते ती गुलाबी.

६. थेंबांचा आकार उद्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. यानंतरचा नमुना ३ नॅनोमीटरचा करायचा, असं वहीत लिहिते.