लाल दिवा आणि तेलाचा दाब

ज्या घरी जुनी व्हॅन आहे, त्या घरी ती केवळ वाहन म्हणून राहत नाही. पहाटे ती भाजी घेऊन बाजारास जाते, सकाळी मुलांना शाळेत पोचवते आणि अपरात्री एखाद्या अडलेल्या बाईला इस्पितळात नेते. १९८४ साली बाजारात आलेल्या मारुती व्हॅनचे, म्हणजेच पुढे ओम्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचे, उत्पादन २०१९ साली थांबले. तथापि खानापूरच्या खेड्यांत आणि गोव्यातही ती अजून राबताना दिसते. अशा गाडीच्या फलकावर तेलाच्या किटलीचे लाल चित्र उजळले म्हणजे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, “जुनी गाडी आहे, दिवा लागायचाच.” दुसरा म्हणतो, “इंजिन गेले, विकून टाका.” तपासणीवाचून दिलेले हे दोन्ही सल्ले सारखेच घातक होत. म्हणून हा विषय आम्ही आज जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा दिवा इंजिनात तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाचा दाब सांगतो. चेंबरमधील तेल पंप खेचून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत दाबाने पोचवतो. तेथे धातू व धातू यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. तो पडदा फाटला की धातूवर धातू घासतो, आणि काही मिनिटांतच बेअरिंग जळून इंजिन जाम होऊ शकते. इंजिनावर बसवलेला छोटा स्विच दाब फार खाली गेला की दिव्याचे मंडल पूर्ण करतो. सामान्यतः हा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे दिवा लागतो तो संकट दाराशी आल्यावर. ते वाटेत असताना तो गप्पच असतो.

यास्तव चालत्या गाडीत दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. “पुढच्या गावापर्यंत जाऊ” हा विचार मनात आणू नये. गाडी सपाट जागी उभी करून, काही मिनिटे थांबून, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवावी. तेल खालच्या खुणेच्या खाली असल्यास योग्य प्रतीचे तेल घालावे आणि गळती शोधावी. वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल, तर तेल कमी असल्याचा संशय प्रथम घ्यावा. काडीवरील तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते पातळ झाले आहे असे समजून बदलावे व पेट्रोल कोठून उतरते ते पाहावे.

तेल ठीक असून दिवा विझत नसेल, तर इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी आणि स्विचवरची तार काढावी. दिवा तरीही जळत राहिला, तर तार कोठेतरी खरचटून पत्र्याला टेकली आहे. विझला, तर तार निर्दोष आहे; मग दोष स्विचचा असेल किंवा दाब खरोखरच कमी असेल. या दोहोंतील निवाडा अंदाजाने करता येत नाही. त्यासाठी स्विच काढून त्याच भोकात दाबमापक लावावा लागतो.

मापक लावून इंजिन पुरते गरम होऊ द्यावे, कारण थंड तेल घट्ट असते आणि खोटा धीर देते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच अंतिम प्रमाण. पुस्तिका नसेल, तर मिनिटाला दर १००० फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड, म्हणजे ०.७ किलो दाब, असा जुना ठोकताळा कारागीर वापरतात. काटा योग्य जागी असेल, तर नवा स्विच घालून काम भागते. चोर्ला घाटासारखी चढण चढून आल्यावर इंजिन मंद चालताना दाब पडतो आणि रेस देताच वाढतो, असे दिसल्यास तेल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग अथवा पंप झिजला आहे. दाब सर्वच वेगांत कमी असेल, तर चेंबरमधील गाळणी तुंबली आहे काय, किंवा दाब सोडणारी झडप उघडी अडकली आहे काय, तेही पाहावे.

मापक कायमचा बसवणे शहाणपणाचे. मात्र त्यासाठी मूळ दिवा काढू नये. ‘टी’ जोड लावून दोन्ही ठेवावेत. जोडाचे आटे इंजिनाच्या आट्यांशी जुळतात की नाही हे आधी पाहावे. बळाने पिळू नये. नळीच्या मापकात गरम तेल दाबाने थेट बैठकीपर्यंत येते. म्हणून नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि पत्र्याच्या भोकात रबरी कडे घालावे. विजेच्या मापकात हे भय नाही. परंतु त्याचा सेन्सर व काटा एकाच जोडीचे असावेत, पुरवठा चावीमागून फ्यूजद्वारे घ्यावा, आणि काम करण्यापूर्वी बॅटरीची अर्थ तार सोडावी. आट्यांवर चिकटपट्टी फार गुंडाळल्यास सेन्सरला इंजिनाची अर्थ मिळत नाही. जड सेन्सर पितळी जोडावर लोंबकळत ठेवल्यास कंपनाने जोड तुटतो. त्यास लवचीक नळीने जोडून पत्र्यावर बांधावे. शेवटी इंजिन चालवून गळती पाहावी.

काटा एकदा बसला की घरधन्याने गरम इंजिनाचा नेहमीचा आकडा वहीत टिपून ठेवावा. महिनोन्‌महिने तो हळूहळू उतरत गेला, तर वेळीच बेअरिंग बदलून क्रँकशाफ्ट वाचवता येतो. नुसते घट्ट तेल ओतून काटा वर आणणे ही दुरुस्ती नव्हे. झीज तेथेच राहते. जुनी गाडी विकत घेतानाही गरम इंजिनावर मापक लावून पाहण्याचा आग्रह धरावा. विकणाऱ्याने नकार दिला, तर त्यातूनच काय ते ओळखावे.