क्षीराईचे फुलांचे मळे: पर्यटकांची बाग, शेतकऱ्यांचे पीक

डमडम (कोलकाता) : हिवाळ्यात कोलकात्याला येणाऱ्या पर्यटकांच्या यादीत अलीकडे क्षीराईची भर पडली आहे. पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यात पांसकुड्याला लागून असलेल्या या परिसरात कंसावती नदीच्या काठी फुलांची शेती पसरली आहे. ‘बंगालची फुलांची दरी’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. मात्र हिमालयातील दरीप्रमाणे येथे काहीही आपोआप उगवत नाही.

डमडम विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला ऑगस्ट 2025 पासून मेट्रोने हावड्यापर्यंत जाता येते. नोआपाडा आणि एस्प्लनेड येथे गाडी बदलावी लागते, शेवटचा टप्पा हुगळीच्या पात्राखालून जातो. हावड्याहून खरगपूरच्या दिशेने जाणारी लोकल सुमारे दोन तासांत क्षीराईला पोहोचते. पांसकुड्यानंतरचे हे छोटे स्थानक असून तेथून मळ्यांपर्यंत पायी जाता येते. नागपूरमार्गे मुंबईहून हावड्याला येणाऱ्या गाड्याही याच रुळांवरून धावतात. खिडकीतून हे रंग पाहिलेले मराठी प्रवासी कमी नसावेत.

डिसेंबर व जानेवारी हा येथील बहराचा काळ. शेवंती (बंगालीत चंद्रमल्लिका), झेंडू (गांदा), अ‍ॅस्टर आणि कोंबडा यांचे पट्टे एकमेकांना लागून असतात. छायाचित्रात ते उद्यानासारखे दिसतात. प्रत्यक्षात दोन वाफ्यांमधील वाट जेमतेम एका माणसाची असते आणि ती असते खुरपणी व तोडणीसाठी. छायाचित्रासाठी वाफ्यात पाऊल पडले की रोप मोडते. तोडलेले एक फूलही विक्रीच्या मालातून वजा होते. रेल्वेपुलावर जाऊन छायाचित्रे काढण्याचा मोह तर थेट जिवावर बेतणारा आहे.

जपानमधील होक्काइडो बेटावरील फुरानोचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. तेथे सुगंधी तेलासाठी होणारी लॅव्हेंडरची शेती स्वस्त आयातीमुळे संपत आली होती. 1976 मध्ये राष्ट्रीय रेल्वेच्या दिनदर्शिकेत टोमिता यांच्या शेताचे छायाचित्र आले, पर्यटक लोटले आणि शेत तरले. शेजारच्या बिएई गावात मात्र पर्यटकांची शेतातील घुसखोरी थांबेना. ‘तत्त्वज्ञ वृक्ष’ म्हणून प्रसिद्ध असलेले, मूळचे जीर्ण झालेले झाड मालकाने अखेर 2016 मध्ये तोडले.

फरक उत्पन्नाच्या मार्गाचा आहे. टोमिता यांच्याकडे पर्यटक लॅव्हेंडरची उत्पादने विकत घेतात, म्हणून बहर शेतात राहणेच फायद्याचे. क्षीराईच्या शेतकऱ्याला पैसा मिळतो तो फूल तोडून बाजारात गेल्यावर. साताऱ्याच्या कास पठारावर कुंपण आणि प्रवेशशुल्काचे प्रयोग झाले, पण ती रानफुले होती. येथे प्रत्येक वाफ्याला मालक आहे.

फुले विकत घ्यायची असल्यास हावडा पुलाच्या कोलकात्याकडील टोकाशी 1855 पासूनचा मल्लिक घाट बाजार आहे. पूर्व मेदिनीपूरचा माल तेथे येतो. पहाटे गेल्यास गर्दी अधिक असते, पण माल ताजा मिळतो.