मोत्या निघाला ऑनसाइट!

ऑनसाइटचं लेटर आलं की आपली लिस्ट तयार असते. व्हिसा, फॉरेक्स, थर्मल्स, आईच्या हातचं मेतकूट. आणि मग घरातलं एक शेपूट दारात येऊन बसतं. त्याचं काय? लॅपटॉप बॅग भरायला एक रात्र पुरते, पण कुत्र्याला परदेशी न्यायचं तर किमान चार महिने लागतात. चार महिने, बॉस!

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलची, नोकरी पुण्यात, पुढचं पोस्टिंग जर्मनीत. मोत्या आई-बाबांकडे वाढलेला शंभर टक्के देशी गडी. त्याला सोबत न्यायचं ठरलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, ‘‘आता कुत्र्याले बी आधार कार्ड लागते का वो?’’

उत्तर : हो, लागतं!

आधी चिप, मग लस

हे आधार कार्ड म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली बसणारी. आयएसओ दर्जाची, १५ आकडी नंबरची चिपच घ्या. आता खरा फंडा ऐका. युरोपच्या हिशेबात रेबीजची लस मोजली जाते ती चिप बसल्यापासून पुढे. त्याआधी दर वर्षी इमानदारीत टोचलेल्या लसींची किंमत कागदावर शून्य. कारण लस नेमक्या याच कुत्र्याला दिली, हे सिद्ध कशावरून करणार? नंबरवरून!

लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं. ही रेबीज टायटर टेस्ट. प्रतिकारशक्तीचा आकडा ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त हवा आणि टेस्ट युरोपीय युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्येच व्हायला हवी. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पुढे आणखी तीन महिने थांबायचं. भारतात रेबीज आहे, म्हणून ही शिक्षा.

कॅलेंडर काढा. १ जूनला चिप आणि लस. १ जुलैला रक्त. म्हणजे १ ऑक्टोबरच्या आधी विमान नाही. आकडा कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, तारखा पुन्हा पुढे. एक दिलासा मात्र आहे. पुढचे बूस्टर वेळेवर देत राहिलात, तर युरोपसाठी ही टेस्ट परत करावी लागत नाही.

नागपूर, मग हैदराबाद

पुण्या-मुंबईत पेट क्लिनिक गल्लीगल्लीत असतं. आमच्याकडे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल आणि शेळ्यांची रांग असते. तिथे लस मिळते. चिप आणि टायटरसाठी नागपूर गाठणं सोपं, पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे. भामरागड किंवा सिरोंच्यातून निघणाऱ्याने एक मुक्काम धरूनच चालावं. रक्ताचा नमुना थंड राहायला हवा आणि आमचा मे महिना ४५ अंशांचा! नमुना आणि प्रवास, दोन्ही उन्हाळ्यात टाळलेले बरे.

शेवटचा शिक्का केंद्र सरकारचा. ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसची ऑफिसं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबादला आहेत. मुंबईचंच तिकीट काढायची आपली सवय असते, पण नकाशा बघा. बल्लारपूरहून रेल्वेने हैदराबाद कितीतरी जवळ पडतं. फर्स्ट एसीचं अख्खं कूपे बुक केलं, तर कुत्रा तुमच्यासोबत बसू शकतो. युरोपसाठीचं हेल्थ सर्टिफिकेट तिथे पोहोचताना १० दिवसांच्या आतलं लागतं, म्हणून हे काम अगदी शेवटी.

देश बदलला, नियम बदलला

ब्रिटन : युरोपसारखंच, शिवाय पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत टेपवर्मचं औषध. विमानात कार्गो म्हणूनच प्रवेश.

अमेरिका : ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. भारत रेबीजच्या हाय-रिस्क यादीत असल्याने भारतात लस दिलेल्या कुत्र्यांना जादा कागद लागतात. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन.

जपान : चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, टायटर आणि मग १८० दिवस थांबा.

ऑस्ट्रेलिया : भारतातून थेट नो एंट्री. आधी त्यांच्या यादीतल्या देशात मुक्काम.

जातही बघा. पिटबुल आणि बुल टेरियर जर्मनीत आणता येत नाहीत. हचच्या जाहिरातीतला तो गोड पग आठवतोय? चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास होतो, म्हणून अनेक एअरलाइन्स ती घेतच नाहीत. आमचा लांब नाकाचा देशी मोत्या इथे एकदम हीरो!

मिठूचं काय?

आमच्या जंगलपट्ट्यात अनेक घरांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा असतो. ‘मिठूला पण नेऊ’ म्हणणाऱ्यांना सॉरी. आपले देशी पोपट पाळणं हाच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याचा हेल्थ सर्टिफिकेटवाला रस्ताच नाही, तो वनविभागाकडे सोपवावा.

आणि जो कुत्रा मागे राहणार, त्याचं काय? म्हातारा, आजारी किंवा गर्दीला बिचकणारा कुत्रा आजीच्या अंगणातच सुखी असतो. त्याला तिथे ठेवण्यात गिल्ट कसलं? फक्त रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी चुकवू नका. २०१८ मध्ये गीरला डिस्टेंपरच्या साथीने सिंह गेले, आणि हा विषाणू कुत्र्यांमध्येही असतो. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. तिथे वाघ आणि कुत्रा यांच्यात फक्त एक शेत असतं.

नेणार असाल तर इतकंच : ऑफर लेटर येण्याची वाट बघू नका. परदेशी जायचा नुसता विचार डोक्यात आला, तरी चिप बसवून टाका. नाहीच गेलात तरी नुकसान काहीच नाही, हरवलेला मोत्या घरी परत यायला तोच नंबर उपयोगी पडेल.